मदत हवी आहे: शाळेत राहिलेली टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) आणि कोरोनाची लस, दोन्ही कसं बसवायचं? (इंदूर, 2022 ची सुरुवात)

नमस्कार मंडळी, मी इंदूरला रामबागेकडे एका शाळेत शिकवते, लसीकरणाचं काम यंदा माझ्याकडे आहे. 3 जानेवारी 2022 पासून 15 ते 18 वाल्यांना कोरोनाची कोव्हॅक्सिन लस सुरू झाली, आमच्याकडे पहिला डोस बऱ्यापैकी उरकला, पण ह्या धावपळीत टीडी पार मागे पडलीय. मार्च 2020 ला शाळा बंद झाली तेव्हा पाचवीत असलेली मुलं आता सातवीत आहेत, त्यांची दहाव्या वर्षीची टीडी राहूनच गेली, मागच्या दोन वर्गांचंही तेच, आणि सोळाव्या वर्षीची टीडी राहिलेली दहावी-अकरावीची मुलं वेगळीच. कोरोनाचं रोज ऐकतो, घटसर्पाचं कुणी नावही काढत नाही, पण लहानपणीच्या डोसचा असर ओसरतो म्हणूनच हे बूस्टर ठेवलेत ना? मला हे अजून लांबवायचं नाहीये, शाळा परत बंद झाली तर ही मुलं हाती लागायची नाहीत.

आता अडचण. कोरोनाच्या आणि दुसऱ्या लसीत 14 दिवसांचं अंतर ठेवायला सांगितलंय, कोव्हॅक्सिनचे दोन डोस 28 दिवसांनी, मग मोठ्यांना टीडी द्यायची कधी? शिवाय आम्ही वर्गात निम्मी-निम्मी मुलं बोलावतोय आणि एएनएम ताई (लस देणाऱ्या सरकारी नर्स) म्हणतात एकच दिवस येऊ शकेन, त्यांची ड्यूटी कोरोनाच्या सेंटरवर. आणि पालक! चिठ्ठी गेली की फोन येतो, छोट्यांवर कोरोनाच्या लसीची ट्रायल करताय का म्हणून. कुणी हे केलंय का, प्लीज सांगा.

उत्तर:
ताई, मी ग्वाल्हेरला नर्स आहे. छोट्यांना आत्ता, 2022 च्या सुरुवातीला, कोरोनाची लसच नाहीये, मग त्यांच्यासाठी थांबायचं कशाला, पाचवी ते सातवी आधी उरका. मोठ्यांचा दुसरा डोस आलाच असेल तर तो होऊ द्या, टीडी त्यानंतर दोन आठवड्यांनी. दोन डोसच्या मधोमध 14 व्या दिवशी बसते खरी, पण एक दिवस हुकला की पुढचं सगळं सरकतं. टीडीची कुपी 10 डोसची असते, उघडली तरी कोल्ड चेन (लस सतत थंड ठेवणं) नीट असेल तर 28 दिवस चालते, म्हणजे कमी मुलं आली तर लस वाया जाईल ही भीती नको, एएनएम ताईंकडे एका पूर्ण दिवसाऐवजी दोन अर्धे दिवस मागा. दोन्ही लसी एकाच खोलीत एकाच वेळी मात्र अजिबात ठेवू नका, घाईत अदलाबदल होऊ शकते. मुलांना खाऊन यायला सांगा, ह्या वयात भीतीनेच चक्कर येते. नंतर अर्धा तास खिडक्या उघड्या असलेल्या वर्गात लांब-लांब बसवा. आणि चिठ्ठीत नुसतं 'लस' लिहू नका, 'पूर्वी शाळेत धनुर्वाताचं इंजेक्शन मिळायचं तेच, आता त्यात घटसर्पही आहे' असं लिहा, आई-वडिलांनी स्वतः घेतलेलं असतं, लगेच कळतं.

धागाकर्ती:
खूप खूप आभार ताई, चिठ्ठी आजच बदलते, सातवीपासून सुरू करते. अजून एक, ज्यांनी ह्या दोन वर्षांत शाळाच सोडली त्यांची नावं-पत्ते जुन्या रजिस्टरात आहेत, ती यादी वस्तीतल्या आशा ताईंना दिली तर त्या घरी जाऊन बघतील का?