बदनामी चित्राने केलेली नाही

रायगडमधल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर मासळीच्या पाट्यांऐवजी स्फोटकांच्या पेट्या उतरताना दाखवणाऱ्या एका चित्रामुळे कोकणाची बदनामी होते, असा आक्षेप घेतला गेलाय. मला नाही पटत. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात डोळ्यांवर नोटांची पट्टी बांधलेला गणवेशातला माणूस पाहिलात का? सगळं मर्म तिथेच आहे. १९९३ मध्ये इथे आरडीएक्स हे स्फोटक उतरलं ते लाच चारून. कस्टम आणि पोलिसांतली माणसंही टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयात दोषी ठरली. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ जीव गेले. आणि डाग कुणाला लागला? मासेमारी करणाऱ्याला, श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाडीत राबणाऱ्याला! माझा आक्षेप वेगळाच आहे. होडीतल्या प्रत्येकाला दाढी-टोपी द्यायला नको होती. तिथे गुन्हेगाराऐवजी अख्खा समाज रंगवला गेलाय.