कुऱ्हाडबंदीचा ठराव झाला, पण झाडं तुटतच आहेत

पेठचा_पोऱ्या
राम राम मंडळी. पेठ तालुक्यातलं आमचं गाव. गेल्या साली ग्रामसभेत कुऱ्हाडबंदीचा ठराव झाला, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पुढं एका वजनदार घराच्या नव्या पडवीसाठी सागाच्या वाशांची बैलगाडी भरदिवसा पारासमोरून गेली, कोणी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून जो तो म्हणतो, "त्यांना चालतं, मग मलाच का आडवता?" वनसमितीत मी वयानं सगळ्यात लहान. बोललो तर "शिकून शहाणा झाला" म्हणतात. तुमच्याकडे हे कसं जमवलं? फॉरेस्टचे नियम सांगू नका, ते पाठ आहेत.

धानोरा_लाइन
भाऊ, आमच्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आमची सोयरीक आहे म्हणून सांगतो. तिथं ठराव बहुमतानं होतच नाही, सर्वसहमतीनं होतो. एक जण जरी अडला तरी विषय पुढच्या सभेला. डोकं उठतं कधीकधी. पण ज्यानं स्वतः होकार दिला, त्याला मागून "मला कुठं विचारलं" म्हणायला तोंड राहत नाही. तुमच्या गाडीवाल्याला कोणी विचारलं होतं का, की बाबा, पडवी बांधायची आहे तर लाकूड कुठून आणशील? घरच्या गरजेचं लाकूड किती, कुठलं, कुणाला सांगून तोडायचं, हे न ठरवता बंदी म्हणजे नुसता फलक.

दुसरं, पैसा. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल गावानंच वापरायचा-राखायचा हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. बांबूचा पैसा गावाच्या खात्यात दिसला की कोवळा बांबू तोडणाऱ्याला शेजारीच हटकतो, गार्ड लागत नाही.

अर्थात सगळं पैशावर चालतं असंही नाही. चंद्रपूरकडच्या पाचगावनं तेंदूपत्ता, म्हणजे विडीचं पान तोडणंच सोडलं. पानासाठी फांद्या छाटतात, नवी पालवी यावी म्हणून आग लावतात, ते त्यांना नको होतं. हातातला नगदी पैसा सोडला राव!

साक्रीची_लेक
आमच्या साक्रीकडच्या (जि. धुळे) बारीपाड्याचं नाव ऐकलंच असेल, तिथं गावाला घेऊन जंगल राखणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री जाहीर झाली. मला तिथली वनभाजी स्पर्धा जास्त मोलाची वाटते. बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात, कुठली कशी ओळखायची ते सांगतात. जिच्या भाजीला चारचौघांत नाव मिळालं, ती घरच्या माणसाला त्या रानात काडी लावू देईल का? तुमच्या समितीत बाया किती आहेत, ते सांग आधी. सरपण आणणार त्या आणि ठराव करणार तुम्ही! मोहाची फुलं वेचायला खालचा पाला जाळू नका, खराट्यानं झाडा, हे गार्डानं सांगून कोणी ऐकत नाही. मोठी जाऊ झाडायला लागली की धाकटीही झाडते.

पेठचा_पोऱ्या
ताई, बाया आहेत, पण कागदावर. सभेला नवरेच येतात. त्या पडवीवाल्या घरातल्या म्हातारीचा शब्द मात्र चालतो, तिला भेटतो. वाशांचा विषय पुढच्या सभेत काढतो.

धानोरा_लाइन
काढ, पण त्यांच्या कानावर आधी घाल. भर सभेत तोंडघशी पाडलंस तर ते घर कायमचं आडवं जाईल. दंड लहान ठेवा, पण घ्याच. आणि तो पैसा कुणाकडे राहणार, हे त्याच सभेत ठरवा.