गच्चीवर काल काय पेटलं होतं?

सेक्रेटरी (बी-२०१): काल संध्याकाळी टाकीच्या मागे कोण काय पेटवत होतं? वॉचमन म्हणतो, कुणीतरी मोबाईलवर वेळ लावून पातेल्यासमोर उकिडवं बसलं होतं.

ए-३०४: काका, मीच. आधी विचारायला हवं होतं, सॉरी. शनिवारी हरिश्चंद्रगडावर चाललोय, म्हणून स्पिरिटची चूल करून बघत होतो. कोल्ड्रिंकच्या दोन कॅनची बुडं कापून एकमेकांत बसवली, कडेने टाचणीने १६ भोकं. वजन नावालाही नाही.

बी-१०३: उकळलं का पाणी?

ए-३०४: पहिल्या खेपेला नाही. अर्धा लिटर पाणी, ३० मिली स्पिरिट. वारा इतका की जाळ पातेलं सोडून भलतीकडेच. स्पिरिट संपलं तेव्हा पाणी जेमतेम अंघोळीइतकं गरम. मग फॉईलची चार पदरी घडी करून भोवती आडोसा केला, हवेला खाली फट ठेवली. तेवढ्याच स्पिरिटवर ८ मिनिटांत खळखळून उकळी! सुरुवातीला नुसतं मधेच जळतं. कॅन तापला की आतली वाफ भोकांतून यायला लागते आणि कडेने निळ्या पाकळ्या फुटतात. अंधारात फार भारी दिसतं.

ए-१०२: अंधारात दिसतं रे, उन्हात दिसत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत २८ वर्षं स्पिरिटचे दिवे सांभाळलेत मी. विझलं समजून वरून ओतायला जातात आणि जाळ थेट बाटलीत शिरतो. पूर्ण गार झाल्याशिवाय परत भरायचं नाही. फुंकरही मारायची नाही, वर झाकण ठेवायचं.

ए-३०४: फुंकरच मारली होती काकू. मनगटावरचे केस गेले.

ए-१०२: वाटलंच.

बी-३०१: कोविडच्या वेळचं सॅनिटायझर पडलंय कॅनभर. चालेल का?

ए-३०४: पेटेल, पण त्यात तीसेक टक्के पाणीच असतं. शेवटी तळाशी तेच उरतं आणि जाळ मरतो. हार्डवेअरच्या दुकानात पॉलिशवाले नेतात ते स्पिरिट घ्या.

बी-१०३: खिचडी होईल का यावर?

ए-३०४: छे. आच कमी-जास्त करता येत नाही. शिवाय गडाची उंची १,४२४ मीटर, पाणी साधारण ९५ अंशांलाच उकळतं. डाळ शिजेपर्यंत बाटली संपेल. चहा, मॅगी, बस्स.

सी-४०२: अरे पण वर झोपड्यांमधे पिठलं-भाकरी, चहा सगळं मिळतं की! पाचनईकडून चढ, पोटभर जेव, झोप.

ए-३०४: जेवण तिथेच. चूल निव्वळ हौस 🙏

सेक्रेटरी (बी-२०१): हौस ठीक, पण तो गड अभयारण्यात येतो. वाळलेलं गवत आणि कोकणकड्यावरचा वारा, दोन्ही पाहिलंय मी. वनखात्याला विचारल्याशिवाय काडी ओढू नकोस. आणि इथली पुढची चाचणी खाली, पार्किंगपासून लांब, बोअरच्या नळापाशी. मला सांगून.

ए-३०४: हो काका, पुढच्या रविवारी सकाळी चालेल? उन्हात किती दिसतं तेही बघू.

ए-१०२: स्पिरिट कशात ठेवलंयस?

ए-३०४: पाण्याच्या जुन्या बाटलीत.

ए-१०२: आणि घरात पाच वर्षांची मुलगी. विषारी असतं ते!

ए-३०४: आत्ता बदलतो.