रिझर्व्ह नसलेल्या गाडीत पेट्रोल किती पुरेल, हे कसे ओळखावे आणि पंपाचा बेत कसा आखावा?

शाहूपुरी_सातारा

नमस्कार मंडळी,

चौदा वर्षे मी शंभर सीसीची कार्बोरेटरची गाडी चालवली आणि मागच्या दिवाळीत साडेतीनशे सीसीची, तेरा लिटर टाकीची नवी गाडी घेतली. जुन्या गाडीवर पेट्रोलचा वेगळा विचार करण्याची वेळच कधी आली नाही. गाडी आचके देऊ लागली की डावा हात आपोआप खाली जायचा, कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) रिझर्व्हवर फिरायचा आणि पुढचे तीस-चाळीस किलोमीटर निर्धास्तपणे पार पडायचे. नव्या गाडीला कॉकच नाही आणि ती सवय मोडायला मला फार मोठी किंमत मोजावी लागेल, असे आता वाटू लागले आहे.

गेल्या महिन्यात पत्नीला घेऊन बामणोलीला गेलो होतो. परतताना कास तलावाच्या अलीकडच्या चढावर गाडी दोनदा अडखळली आणि बंद पडली, तेव्हा ट्रिप मीटरवर ३४३ किलोमीटर झाले होते. पुण्याच्या रस्त्यावर मला ३४ ते ३५चे ॲव्हरेज मिळते, टाकी तेरा लिटरची आहे, म्हणजे साडेचारशे किलोमीटर सहज जातील, असा माझा हिशोब होता. जाताना यवतेश्वरचा घाट चढत असतानाच पेट्रोलचा पिवळा दिवा लागला होता, परंतु पठारावर सपाट रस्ता आल्यावर तो विझला, म्हणून चढामुळे लागला असावा असे समजून मी पुढे गेलो. संध्याकाळ होत आली होती, धुके खाली उतरत होते आणि रस्त्यावर वर्दळ नव्हती. दुधाचे रिकामे कॅन लावून निघालेल्या एका गृहस्थांनी गाडी थांबवली, आपल्या गाडीची कॉकजवळची नळी काढून पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल उतरवून दिले आणि पैसे घ्यायला स्पष्ट नकार दिला. ते भेटले नसते तर अंधारात पत्नीला घेऊन गाडी ढकलत कुठवर जाणार होतो, हा विचार अजून मनातून जात नाही.

पुढे मेढामार्गे महाबळेश्वर-तापोळा आणि नंतर चिपळूण असा बेत आहे. तेरा लिटरपैकी खरोखर किती पेट्रोल वापरता येते, काट्यावर किती विश्वास ठेवावा, कोणत्या वेळी पंप गाठावा आणि सोबत बाटलीत पेट्रोल ठेवणे योग्य आहे का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गॅरेज_कराड

दादा, पहिल्यांदा रिझर्व्हबद्दल सांगतो, कारण त्याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. रिझर्व्ह म्हणजे टाकीतला वेगळा कप्पा नव्हे. कॉकला टाकीच्या आत एक उंच नळी असते आणि तळाशी दुसरे तोंड असते. कॉक चालूवर असताना पेट्रोल फक्त उंच नळीच्या तोंडातून येते आणि पातळी त्या तोंडाखाली गेली की गाडी आचके देते. रिझर्व्हवर फिरवल्यावर तळाचे तोंड उघडते. म्हणजे ती नळी तुम्हाला सक्तीने थांबवत होती आणि कॉक फिरवताना पेट्रोल कमी असल्याची जाणीव हातालाच होत होती.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराबाबतचे कडक निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी जवळपास सगळीकडे फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा आली. त्यात टाकीच्या आतच विजेवर चालणारा पंप असतो आणि तो तळाशी राहील तेवढे पेट्रोल दाबाने इंजेक्टरकडे ढकलतो. मधला टप्पा राहिलेला नाही. पेट्रोल आहे तोवर गाडी उत्तम चालते आणि संपले की बंदच पडते. हा पंप भोवतीच्या पेट्रोलमुळेच थंड राहतो, त्यामुळे टाकी वारंवार कोरडी होऊ दिली तर त्याचे आयुष्य कमी होते. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद जो बारीक गुंजल्यासारखा आवाज येतो, तो या पंपाचा. तो आवाज ऐकण्याची सवय ठेवा. नेहमीपेक्षा कर्कश किंवा तुटक वाटला तर गाडी दाखवून घ्या.

आता तेरा लिटरचे पाहू. टाकी उलटी करून पाहिली तर खालून मधोमध खोलगट पन्हळ दिसते, कारण चेसिसचा पाइप तिथून जातो. टाकी त्या पाइपवर घोड्यावरच्या खोगिरासारखी बसते. पेट्रोल खाली गेले की ते पाइपाच्या दोन बाजूंना विभागले जाते आणि पंप बहुधा एकाच बाजूला असल्याने दुसऱ्या बाजूचे पेट्रोल तिथेच अडकून राहते. गाडी बंद पडली तर किल्ली बंद करून, पाय घट्ट रोवून गाडी पंपाच्या बाजूला चांगली कलती करावी, क्षणभर तशीच धरावी आणि सरळ करून पुन्हा सुरू करावी. पलीकडचे थोडे पेट्रोल इकडे येते आणि एखाद-दुसरा चढ निघतो. हा उपाय जीव वाचवण्यापुरता आहे, रोजचा नव्हे.

दिवा विझला याचे कारणही त्या चढातच आहे. टाकीत एका दांडीच्या टोकाला तरंगता गोळा असतो आणि त्याच्या उंचीवरून काटा हलतो. चढावर पेट्रोल मागे सरकते, उतारावर पुढे येते, साइड स्टँडवर एका अंगाला जाते, त्यामुळे गोळ्याची उंची खोटी पडते. शिवाय टाकी वर रुंद आणि खाली निमुळती असल्याने पहिला अर्धा भाग सावकाश उतरतो आणि शेवटच्या रेघा भराभर जातात. म्हणून दिवा पहिल्यांदा कुठेही, क्षणभर जरी लागला, तरी तीच खरी सूचना मानावी आणि विझल्याचे समाधान मानू नये.

नोंदवही_कोरेगाव

माझ्याकडे मागच्या अकरा वर्षांच्या प्रत्येक पेट्रोल-भरणीची नोंद आहे, म्हणून आपल्या ३४३ किलोमीटरची फोड करून पाहण्याचा मोह आवरला नाही. आपण दिलेल्या माहितीवरून अंदाज बांधतो. पुणे जाऊन-येऊन सुमारे २३० किलोमीटर, ३४च्या ॲव्हरेजने पावणेसात लिटर. गावातल्या गावात सुमारे ६३ किलोमीटर धरले, तर सिग्नल, गर्दी आणि छोट्या फेऱ्यांमुळे २९च्या वर ॲव्हरेज मिळणार नाही, म्हणजे आणखी दोन लिटरच्या थोडे वर. उरलेले ५० किलोमीटर डबलसीट, यवतेश्वरचा चढ, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर; इथे २६ जरी मिळाले तरी दोन लिटरला थोडे कमी. एकूण १०.८५ लिटर होतात. आता सांगा, टाकी भरताना गाडी साइड स्टँडवर होती ना, आणि नोजलने कट मारल्यावर, म्हणजे ते आपोआप बंद झाल्यावर, आपण थांबलात ना? तसे असेल तर टाकीत तेरा नव्हे, साडेअकरा लिटरच गेले असणार आणि शेवटचे अर्धा-पाऊण लिटर वरच्या दादांनी सांगितले तसे पाइपापलीकडे अडकले. गाडी जिथे बंद पडायला हवी होती तिथेच बंद पडली आहे.

चूक हिशोबात नव्हती, हिशोबासाठी निवडलेल्या आकड्यात होती. आपल्या सर्वांच्या डोक्यात गाडीचे सर्वांत चांगले ॲव्हरेज बसलेले असते, कारण तेच आपण चारचौघांत सांगतो. प्रवासाचा बेत मात्र सर्वांत वाईट ॲव्हरेजवर बांधावा लागतो. आपल्या गाडीसाठी मी २६ला दहा लिटरने गुणेन, २६० किलोमीटर ही गाडीची खरी मर्यादा मानेन आणि २०० झाले की पुढचा पंप सोडणार नाही. यात काही वेळा पाच लिटरसाठीही थांबावे लागते, पण त्या दहा मिनिटांचे मला कधी वाईट वाटलेले नाही.

ॲव्हरेज काढण्याची पद्धत एकच खात्रीची आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, झाकणाखालच्या गळ्याच्या खालच्या कडेपर्यंत पेट्रोल भरा, ट्रिप मीटर शून्य करा, मग किमान दोनशे किलोमीटर चालवून त्याच कडेपर्यंत पुन्हा भरा आणि किलोमीटरला भरलेल्या लिटरने भागा. त्या कडेच्या वर कधीही भरू नका. उन्हात पेट्रोल प्रसरण पावते आणि नळीतून खाली गळते. आपल्याकडे ‘दोनशेचे टाका’, ‘पाचशेचे टाका’ असे सांगण्याची रीत आहे, तिने सगळा घोटाळा होतो. दर बदलतो तसे लिटर बदलतात आणि टाकीत नेमके किती आहे याचा पत्ताच लागत नाही. लांब जायचे असेल त्या आधीच्या भरणीला तरी रुपये सांगू नयेत, टाकी फुल करायला सांगावी.

कोयनाकाठ_पाटण

गणिताइतकाच रस्त्याचा स्वभाव महत्त्वाचा आहे, आणि आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला तो फार वेगळा आहे. पुणे-बंगळूर महामार्गावर पुढचा पंप चुकला तरी त्याच्या पुढचा मिळतो. कोयनेच्या शिवसागर जलाशयामुळे बामणोलीचा आणि तापोळ्याचा रस्ता मात्र पाण्यापाशी संपतो, म्हणून तिकडे जाताना अंतर नेहमी दुप्पट धरावे लागते. साताऱ्याहून बामणोली छत्तीस-सदतीस किलोमीटर असेल, तर पेट्रोलच्या दृष्टीने ते पाऊणशे किलोमीटर आहे. तराफ्याने पलीकडे जाऊन दुसऱ्या वाटेने निघू, असा बेत असेल तरीही परतीचे पेट्रोल टाकीत असलेच पाहिजे, कारण पाणी, वारा आणि वेळ पाहूनच तराफा सुटतो. कासला फुलांच्या हंगामात वाहनांची रांग लागते आणि तासभर पहिल्या गिअरवर सरकावे लागते, ते पेट्रोल कोणत्याच किलोमीटरमध्ये दिसत नाही.

तापोळ्याला जाताना साताऱ्यातच टाकी भरा. महाबळेश्वर १,३५३ मीटर उंचीवर आहे, म्हणजे मेढ्यापासून पुढे चढच आहे. चिपळूणच्या बाबतीत उलटा फसवा प्रकार होतो. कराडहून चिपळूण शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर आहे आणि कुंभार्ली घाट उतरताना इंजेक्शनची गाडी जवळजवळ काहीच पेट्रोल घेत नाही, कारण गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर पेट्रोल बंद करतो. चिपळूणला पोहोचल्यावर काटा पाहून माणूस खूश होतो आणि तसाच परत निघतो. परतीला तोच घाट समुद्रसपाटीजवळून चढायचा असतो. म्हणून जातानाचे ॲव्हरेज परतीला लावू नये. जाताना पाटणला आणि परतताना चिपळूणला भरावे. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक मी दररोज पाहतो. कृपा करून तसे कोणी करू नये. इंजिनाचा अडसर गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि आमच्या घाटातल्या वळणांवर त्याचे परिणाम काय होतात ते आम्ही गावकऱ्यांनी उचलून पाहिलेले आहेत.

पावसाळ्यात पश्चिमेकडे तोंड करून जाताना समोरून वारा असतो. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या ज्या वाऱ्यासाठी उभारल्या, तोच वारा तुमच्या छातीवर येतो आणि त्या दिवशी ॲव्हरेज दोन-तीनने कमी भरते.

बाटलीबद्दल माझे मत विरुद्ध आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल झिरपते, उन्हात वाफ धरते आणि गाडी पडली तर ती बाटली अंगाशी फुटते. पंपावरही बाटलीत देत नाहीत आणि ते योग्यच आहे. जिथे बाटलीची गरज वाटते, तिथे बेत चुकलेला असतो.

गॅरेज_कराड

बाटलीविषयी पाटणकरांशी सहमत आहे. अगदीच दुर्गम भागात चार-चार दिवस जाणाऱ्यांनी पेट्रोलसाठीच बनवलेला, घट्ट झाकणाचा धातूचा कॅन घट्ट बांधून न्यावा. आपल्या जिल्ह्यात त्याची गरज नाही.

कृष्णाकाठ_सांगली

एक मुद्दा राहिला. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही आपल्याच भागातल्या उसाचे असल्याने मला त्याचे समाधानही आहे, परंतु हिशोब करताना ते विसरता येणार नाही. तेवढ्याच लिटरमध्ये इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालात अशा मिश्रणामुळे जुन्या धाटणीच्या दुचाकींचे ॲव्हरेज ३ ते ४ टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज दिला होता. ज्यांनी आपले ॲव्हरेज पाच-सात वर्षांपूर्वी मोजले आहे, त्यांनी ते नव्याने मोजावे.

दुसरे म्हणजे पाणी. टाकीच्या झाकणाभोवतीच्या खोबणीत साचणारे पावसाचे पाणी बाहेर जाऊ देण्यासाठी एक बारीक भोक असते. ते चिखलाने बुजले तर पाणी झाकणाशी साठते आणि झाकण उघडताच टाकीत उतरते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि प्रमाण वाढले की पाणी-इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसते, नेमके जिथून पंप ओढतो तिथे. पावसाळ्यापूर्वी ते भोक बारीक तारेने मोकळे करावे आणि टाकी फार दिवस निम्म्याखाली ठेवून गाडी उभी करू नये.

शाहूपुरी_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. कोरेगावच्या दादांनी विचारले ते खरे आहे. गाडी साइड स्टँडवरच होती आणि नोजलने कट मारल्यावर मी झाकण लावले होते.

सांगितल्याप्रमाणे मेन स्टँडवर गळ्याच्या कडेपर्यंत भरले आणि तापोळ्याला जाऊन आलो. नंतर गावातच, पंप दोन किलोमीटरच्या आत राहील अशा बेताने चालवत राहिलो. २८७ किलोमीटरला सपाट रस्त्यावर दिवा लागला आणि विझला नाही. त्याच पंपावर त्याच कडेपर्यंत १०.१ लिटर पेट्रोल बसले, म्हणजे ॲव्हरेज २८.४. याचा अर्थ दिवा लागतो तेव्हा टाकीत २.९ लिटर असते. त्यातले पाऊण लिटर अडकणारे म्हणून सोडले, तर २६च्या हिशोबाने पंचावन्न किलोमीटर उरतात, आणि मी ते चाळीसच धरणार आहे. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला छोटी चिठ्ठी लावता येत नाही, म्हणून हा आकडा किल्लीच्या बिल्ल्यावर कोरून घेतला आहे.

कासच्या त्या गृहस्थांना शोधायला कंदी पेढे घेऊन दोनदा गेलो. दुसऱ्या खेपेला भेटले. पुढच्या रविवारी पहाटे चिपळूणला निघतो आहे. जाताना पाटणला भरीन आणि परतताना घाटाला लागण्यापूर्वी चिपळूणला; दोन्हीकडचे ॲव्हरेज वेगवेगळे काढून इथे कळवतो.