ठिपक्यांची रांगोळी की नुसती घोटाई?

मोगरावेल:
लेक सव्वापाच वर्षांची. दिवाळीत सासूबाईंनी उदबत्तीने भोकं पाडलेला जुना ठिपक्यांचा कागद काढला आणि तिला अंगणात बसवलं. ७ ते ४. म्हणजे मधल्या ओळीत सात ठिपके, दोन्हीकडे सहा, पाच, चार. पहिल्या दिवशी चिमटीतून रांगोळी भसकन सांडत होती. चौथ्या दिवशी रेघ बारीक पडायला लागली आणि सहा पाकळ्यांचं फूल जमलं. आता वहीच्या मागच्या पानांवर तेच चाललंय. एकच नक्षी पुन्हा पुन्हा काढल्याने हात वळतो, मोजणी पक्की होते, मूल एका जागी बसतं. शाळांनी हे रोज घ्यायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

खडूस_बाबा:
'शाळांनी रोज घ्यायला हवं' वाचूनच काटा आला. आमच्या चिरंजीवांच्या बालवर्गात हेच होतं, 'पॅटर्न'ची वही. उभ्या रेघांचं पान, तिरप्या रेघांचं पान, मग डोंगर, डोंगर, डोंगर. साडेतीन वर्षांच्या पोराला! मुलांना आधी उभी-आडवी रेघ जमते, तिसऱ्या वर्षाच्या सुमारास गोल, चौथ्याच्या सुमारास अधिकचं चिन्ह, आणि त्रिकोण पाचच्या आसपास. बाईंनी मात्र लाल पेनाने फुली मारून अख्खं पान परत काढायला लावलं. पुढे महिनाभर पेन्सिल दिसली की पोरगं टेबलाखाली.

सांजवात:
बाबा, अर्धं मान्य. मी ३० वर्षं बालवाडी घेतली. छापील तुटक रेघेवरून पेन्सिल फिरवणं वेगळं आणि ठिपके जोडणं वेगळं. गिरवताना डोकं रिकामं राहिलं तरी चालतं. ठिपक्यांत वळायचं कुठे ते मुलानेच ठरवायचं, आणि चुकलं तर शेवटी कुठेतरी एक ठिपका एकटा उरतो. लाल पेन लागतच नाही! माँटेसरीच्या धातूच्या आकृत्यांतही मूल साच्याच्या कडेने पेन्सिल फिरवून आतला भाग स्वतः रेघांनी भरतं. ट, ठ, व यांची वळणं मी अशीच पाटीवर वेली काढून घेतली. पण हो, साडेतीनला नाही.

रिकामटेकडा:
चेन्नईत सहा वर्षं काढली. तिथल्या कोलमवर, म्हणजे दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीवर, मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या गिफ्ट सिरोमनींनी आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात काम केलंय. मोजक्या नियमांवरून अख्खी नक्षी कशी वाढत जाते, याची चक्क व्याकरणं मांडली. तेव्हा नक्षीत गणित आहे, वाद नाही. पण कोलम काढणाऱ्या सगळ्या बायका गणितात हुशार निघाल्या, असं काही मी पाहिलं नाही. आणि हे सगळं मुलींच्याच वाट्याला का? आमच्याकडे बहीण ठिपके मांडायची, मी लवंगी फोडायचो.

खडूस_बाबा:
सांजवातताई, एकटा उरलेला ठिपका पटला. पण एका बाईंच्या वर्गात ४० पोरं असली की तुमची रांगोळी कोण घेणार? छापील वहीच येणार, आणि तिचे पैसे आपणच भरणार.

मोगरावेल:
बरं, 'रोज' मागे घेते. पण मुलगेही बसवा, शेजारचा चिन्मय कालपासून येतोय. लेकीने काल ७ ते ४ चे ठिपके मोजले, ३७ भरले. मग विचारते, "आजी, ९ ते ५ ला किती?" सासूबाई म्हणाल्या, काढ आणि मोज. अंगण पुरलं नाही. शेवटची ओळ तुळशीवृंदावनाच्या पायरीवर चढली आहे.