'डेव्हलपर एक्स्पीरियन्स'ला 'अनुभव' म्हणावं का?

छत्रपती संभाजीनगरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी काम करते. सुरुवातीला आम्ही १२ जण होतो, आता ७०च्या वर गेलो. पूर्वी कोड तपासून घ्यायचा तर शेजारच्या टेबलाकडे वळलं की झालं. आता त्याच कामाचा दोन-दोन दिवस खोळंबा होतो. कोड लिहिणाऱ्याला रोजचं काम किती सोयीचं किंवा अडचणीचं जातं, याला इंग्रजीत 'डेव्हलपर एक्स्पीरियन्स' म्हणतात. अडतं कुठे हे काम करणाऱ्यांनाच विचारू, असं ठरलं आणि प्रश्नावली मराठीत करायचं माझ्याकडे आलं. बरीच मुलं जालना, बीड, परभणीकडची. आपल्या भाषेत मोकळं लिहितील, असं वाटलं.

पहिल्याच ओळीत अडले. 'तुमचा डेव्हलपर अनुभव कसा आहे?' यावर अनेकांनी लिहिलं, 'तीन वर्षे'. त्यांचं बरोबरच आहे. नोकरीच्या बोलण्यात अनुभव वर्षांतच सांगतात. 'विकासक' म्हणावं तर प्लॉट पाडणारा बिल्डर डोळ्यांपुढे येतो.

२०२३ मध्ये अबी नोडा, मार्गारेट-ॲन स्टोरी, निकोल फोर्सग्रेन आणि मिकाएला ग्रायलर या सॉफ्टवेअरच्या कामाचा अभ्यास करणाऱ्यांनी डेव्हलपर एक्स्पीरियन्सची तीन अंगं मांडली: केलेल्या बदलाचा परिणाम किती लवकर कळतो, डोक्यात एका वेळी किती गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि कामात किती बुडून जाता येतं. निदान या तीन अंगांना तरी शब्द सुचवा.

लातूरहून : ताई, तिसऱ्याला 'तंद्री'च. संस्कृतात तन्द्रा म्हणजे गुंगी, झापड. मराठीत मात्र तंद्री कामातही लागते, आणि ती मोडली की माणूस चिडतो. आमच्याकडे पेरताना तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्याशी कुणी बोलत नसे. मूठ अडखळली की पेरलेल्या ओळीत नांग्या, म्हणजे मोकळ्या जागा पडतात, आणि त्या उगवण झाल्यावरच दिसतात. भर कामातून मीटिंगला उठवलेल्या माणसाच्या कोडमधल्या चुकाही अशाच उशिरा दिसतात. म्हणून 'एकाग्रता' नको. ती शाळेच्या प्रगतिपुस्तकातली वाटते.

नांदेडहून : पहिल्यासाठी 'दाद'. फारसीत दाद म्हणजे न्याय. म्हणून कोर्टात दाद मागतात. मैफलीत देतात ती कौतुकाची. आणि विहिरीवरची मोटर दाद देत नाही तेव्हा अर्थ निव्वळ प्रतिसादाचा. 'टेस्ट चालवल्यावर किती वेळात दाद मिळते?' हे कुणालाही कळेल. निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत, सरकारी कामकाज उर्दूत चाले. आमच्या आजोबांच्या तोंडी अनुभवाला 'तजुर्बा' असे. पण तजुर्बाही मुरलेल्या माणसाचाच. तुमची अडचण त्याने सुटत नाही.

परभणीहून : दुसऱ्याला 'बोजा' म्हणू नका, तो सातबाऱ्यावर चढतो. 'व्याप' घ्या. व्याप तितका संताप.

पुन्हा मी : तिन्ही घेतले. 'व्याप' तर नेमका बसला. एक छोटा बदल करायला पाच ठिकाणची माहिती डोक्यात ठेवावी लागते, तिथे काम अवघड नसतं, व्याप मोठा असतो. आणि व्याप कमी करता येतो, हेही त्या शब्दातच आहे.

मथळ्यासाठी एका सहकाऱ्याने 'जाच' सुचवला: 'कामात जाच कुठे होतो?' उत्तरं भरभरून येतील, पण जाच म्हटलं की कुणीतरी जाच करणारा लागतो, आणि सगळे बोट टीमलीडकडे दाखवतील. हळू चालणारं बिल्ड (कोडपासून चालतं सॉफ्टवेअर तयार होणं) किंवा परवानगीसाठी घालावे लागणारे हेलपाटे यांत दोषी माणूस नसतो. म्हणून मी 'सोय-गैरसोय' ठेवलं. सोय म्हटलं की खुर्ची आणि चहा आठवतो, हा आक्षेप मान्य. शब्द थोडा लहान पडतो.

आणखी एक. वरिष्ठांच्या मसुद्यात 'उत्पादकता मोजणे' होतं, ते खोडून मी 'कामाची सोय जोखणे' केलं. मोजणं आकड्याशी थांबतं. मोंढ्यात सोयाबीन काट्यावर चढतं तसा त्याचा ओलावाही बघतात. नुसत्या वजनावर भाव ठरत नाही. सॉफ्टवेअर करणाऱ्यांचं काम कसं जोखावं याची २०२१ची 'स्पेस' चौकटही हेच सांगते, की एका आकड्यावर काम तोलू नये. कोडच्या ओळी मोजल्या तर मुलं ओळी वाढवतील.

प्रश्न आता असे आहेत: बदल केल्यावर दाद किती वेळात मिळते? कोणत्या कामात व्याप नाहक वाढतो? गेल्या आठवड्यात तंद्री किती वेळा मोडली, आणि कशाने? 'सोय-गैरसोय'हून नेमका शब्द कुणाकडे असेल तर सोमवारपर्यंत सांगा, तेव्हा प्रश्नावली पाठवायची आहे.