कॅनिंग सीझनमध्ये कामगारांच्या मानसिक ताणाचं तुमच्याकडे काय करतात?

पागोळी:
रत्नागिरीजवळ आंबा पल्पच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मे महिना म्हणजे आमच्याकडे युद्धच, गाड्या रात्री दोनलाही येतात आणि पिकलेलं फळ कोणासाठी थांबत नाही. रिटॉर्टवर, म्हणजे भरलेले डबे वाफेच्या दाबाखाली तापवतात त्या यंत्रावर, एक जुना माणूस आहे, कामाला एकदम चोख, पण हल्ली जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बॉयलरमागे एकटाच बसून असतो आणि परवा तर गेजचा काटा वर चाललाय आणि हा नुसता बघत उभा, मी ओरडलो तेव्हा भानावर आला. विचारलं तर "काय नाय, झोप लागत नाय" एवढंच.

मालकांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले रविवारी योगा ठेवू, बॅनर लावू, सगळ्यांना टी-शर्ट देऊ. माणूस चांगला आहे हो, खिशात हात घालायला तयार आहे, पण रविवार ही पोरांची एकुलती एक सुट्टी! डॉक्टरकडे जा म्हणावं तर अर्धे कामगार एकाच वाडीतले, संध्याकाळपर्यंत गावभर होईल. नेमकं काय करावं?

शिफ्ट_बी:
लोट्याला केमिकल कंपनीत एचआरला आहे. सुट्टीच्या दिवशी सक्तीचा योगा म्हणजे बिनपगारी ओव्हरटाइम, तो आधी कॅन्सल करा.

मग तुमचा व्हॉट्सॲप ग्रुप बघा. रात्री गाडी आली की "कोण येतंय?" असा मेसेज पडतो ना? येतात चारपाच जण, झोपमोड होते सगळ्यांची, आणि जे येत नाहीत ते उद्या साहेब काय बोलतील या विचारात कूस बदलत राहतात. त्यापेक्षा रात्रपाळीची नावं आठवडाभर आधी फळ्यावर लिहा, ज्याचं नाव नाही त्याला फोन नाही म्हणजे नाही. तासांचा हिशोबही नीट ठेवा, आठवड्याला ४८ तास आणि वरच्या तासांना दुप्पट दर हे आंब्याच्या घाईतपण लागू असतं.

रिटॉर्टवाल्याला मात्र उद्यापासूनच तिथून हलवा, वाफेचं काम आहे ते. लेबलिंगला बसवा थोडे दिवस, पगाराला हात न लावता, आणि त्याला नीट सांगा की ही शिक्षा नाही, नाहीतर अजून खचेल.

ओपीडी_बाकडा:
सरकारी दवाखान्यात समुपदेशन करते. वरचं बरोबर आहे, पण त्या माणसाशी कोणीतरी बोलायला हवं आणि ते तुम्हीच. ऑफिसात बोलवू नका, सगळे बघतात. पाळी सुटल्यावर गेटपर्यंत सोबत चाला आणि दिसलं तेच बोला, "डबा खात नाहीस, परवा गेजकडे लक्ष नव्हतं, काळजी वाटली". "टेन्शन घेऊ नकोस" हे वाक्य कृपया नको. आणि जीव नकोसा वाटतो का हे सरळ विचारा, विचारल्याने असले विचार डोक्यात येतात हा गैरसमज आहे, उलट बोलून माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं सोडू नका, घरातलं विश्वासाचं माणूस सोबत घ्या आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टर.

वाडीची भीती खरी आहे, म्हणून आधी टेलिमानस, म्हणजे मानसिक त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, नंबर १४४१६. केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेली फुकट सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. नंबर बॅनरवर नको, संडासाच्या दाराला आतून चिकटवा. मी चेष्टा करत नाहीये, तिथेच माणूस एकटा असतो.

तो पुढे डॉक्टरकडे गेला तर कुठे आणि कशासाठी हे तुमच्याकडून कोणालाही कळता कामा नये, मालकांनाही "तब्येतीची रजा" एवढंच. आणि ग्रुप इन्शुरन्स असेल तर पॉलिसी काढून वाचा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही कव्हर द्यावं लागतं.

मालवणी_खाजा:
माझ्या भावाक असाच झाला होता. घरचे म्हणत, बाहेरचा काय तरी आसा, देवळात गाराणा घाला. शेवटी रत्नागिरीच्या मेंटल हॉस्पिटलात नेला तर वाडीत बोंब, की ह्याका आता कोंडून घालतले. कसला काय, ओपीडीत दाखवला, गोळ्यो घेतल्यो आणि संध्याकाळच्या एसटीन घराक. आता बरो आसा, ट्रॉलरवर जाता. तेच्या तांडेलान, म्हणजे ट्रॉलरच्या म्होरक्यान, जागा राखून ठेवलली, ह्या लय महत्त्वाचा.

कातळसडा:
सगळं ठीक, पण उचलीचं कोणी बोलत नाहीये. सीझनच्या आधी पोराच्या फीला नाहीतर घराच्या कौलांना उचल घ्यायची आणि मग ती फिटेपर्यंत "नाही" म्हणायची सोयच नाही. झोप न लागायचं कारण बऱ्याचदा तिथेच सापडतं. मालक टी-शर्टचे पैसे घालणारच आहेत तर या माणसाचा मेचा हप्ता पावसाळ्यावर ढकला म्हणावं.

पागोळी:
@कातळसडा उचल आहेच त्याच्यावर, हे सुचलंच नव्हतं. लेबलिंगला आजच घेतला, गेटपर्यंत चाललो सोबत. मरायचे विचार नाहीत म्हणाला, पण घर गहाण आहे म्हणाला आणि मग एसटी येईपर्यंत बोलतच होता. फळा सोमवारपासून. हप्त्याचं मालकांशी उद्या बोलतो, योगा ते बहुतेक सोडणार नाहीत, निदान बुधवारी कामाच्या वेळेत घ्या म्हणून सांगतो.